तपकिरी रंगाआधीचे काम: आयएचसी नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या नेहमीच्या रंगांनी रंगवलेल्या स्लाईडवर पेशींचा आकार, त्यांची मांडणी आणि केंद्रकांचे स्वरूप दिसते. मात्र एखाद्या पेशीत कोणती प्रथिने आहेत हे त्या गुलाबी-जांभळ्या चित्रावरून कळत नाही. गाठ कर्करोगाची आहे एवढे ठरल्यावरही ती फुप्फुसातून आलेली आहे की आतड्यातून, लसिका पेशींची आहे की आवरणपेशींची, स्तनाच्या गाठीवर टॅमॉक्सिफेनसारखे औषध चालण्याची शक्यता आहे की नाही, हे प्रश्न उरतातच. त्यांचे उत्तर शोधण्यासाठी ऊतीतील विशिष्ट प्रतिजनाला (अँटिजेन, म्हणजे शोधायचे प्रथिन) नेमके जाऊन चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) वापरतात आणि ते जिथे चिकटले तिथे रंग उमटवतात. या पद्धतीचे पूर्ण नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री असले तरी प्रयोगशाळेत तिला कुणीही आयएचसी याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारत नाही.

नाशिकमध्ये या कामाकडे मुख्यतः दोन वाटांनी माणसे येतात. काही जण डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, करून हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे ऊती तपासणीच्या, टेबलावर रुजू होतात, तर काही जण पॅथॉलॉजीत एमडी करत असतात आणि त्यांचा प्रबंध म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात सादर व्हायचा असतो. दोघांचाही पहिला प्रश्न प्रतिपिंडाबद्दलच असतो: कोणत्या कंपनीचे घ्यावे, कोणता क्लोन (एकाच पेशीवंशातून बनवलेला प्रतिपिंडाचा प्रकार), किती पातळ करावे. माझा अनुभव असा आहे की फसलेल्या स्लाईडचे कारण शोधत मागे जाऊ लागले, की बहुतेक वेळा प्रतिपिंडाची बाटली उघडण्याच्या आधीच्या एखाद्या पायरीशी येऊन थांबावे लागते. म्हणून या लेखात त्या आधीच्या पायऱ्यांना जागा जास्त दिली आहे.

फॉर्मॅलिनची बरणी

ऊती शरीराबाहेर काढल्या क्षणापासून तिच्यातील प्रथिने विघटित होऊ लागतात. त्यामुळे तुकडा तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात पडला पाहिजे, आणि स्तनाच्या गाठींसाठी तो त्यात किमान ६ तास व जास्तीत जास्त ७२ तास राहावा, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. फॉर्मॅलिनचे प्रमाण तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट असावे. ते प्रयोगशाळेत बनवायचे असल्यास ९०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात १०० मिलिलिटर व्यापारी फॉर्मॅलिन मिसळून त्यात सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम विरघळवावे. बफर न घालता नुसते पाणी मिसळलेले फॉर्मॅलिन कालांतराने आम्लधर्मी होते आणि त्याचा त्रास प्रतिजनांना होतो, शिवाय रक्ताळलेल्या भागात तपकिरी कणही साचतात. आयएचसीत तपकिरी रंगच शोधायचा असल्यामुळे हे कण विशेष डोकेदुखीचे ठरतात.

फॉर्मॅलिन ऊतीत सुरुवातीला तासाला साधारण १ मिलिमीटर एवढ्याच वेगाने शिरते आणि पुढे हा वेगही मंदावतो. शिवाय आत शिरणे म्हणजे स्थिरीकरण होणे नव्हे. प्रथिनांमध्ये पूल बांधले जाण्याची रासायनिक क्रिया त्यानंतरही कित्येक तास चालू राहते. हे गणित एका गाठीने मला कायमचे शिकवले. ती स्तनाची गाठ एका तालुक्याच्या गावाहून नातेवाइकांच्या हाती एसटीने आली होती. गाठ अख्खी, न चिरता, अरुंद तोंडाच्या बरणीत दाबून भरलेली होती आणि फॉर्मॅलिन तिच्या निम्म्या उंचीपर्यंतच होते. चिरली तेव्हा बाहेरची कड करडी आणि टणक झालेली दिसली, तर मधला भाग गुलाबी, मऊ, हाताला जवळजवळ ताज्यासारखा लागत होता. आम्ही घाईत मधला तुकडा ब्लॉकसाठी, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यात बसवण्यासाठी, घेतला आणि त्यावर ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पूर्ण निगेटिव्ह आला. पुढे काय झाले ते स्लाईड वाचण्याच्या भागात सांगतो.

यावर उपाय साधा आहे. मोठा नमुना पाठवणाऱ्या शल्यचिकित्सकांशी आधीच बोलून ठेवावे, कडा ओळखण्यासाठीचे टाके किंवा शाई यांचे ठरवून घ्यावे आणि गाठीला ५ ते १० मिलिमीटर अंतरावर पावाच्या कापांसारखे समांतर छेद देऊन ती रुंद तोंडाच्या डब्यात, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये ठेवण्यास सांगावे. डब्यावर रुग्णाच्या नावासोबत गाठ काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहून घ्यावी. सुरगाणा, पेठ किंवा मालेगावहून नमुना यायचा, तर प्रवासाचे तास त्या वेळेवरूनच मोजता येतात. ग्रॉसिंग, म्हणजे नमुना पाहून त्यातले तुकडे निवडण्याचे काम, करताना कॅसेटमध्ये (तुकडा ठेवायच्या छोट्या डबीत) जाणारा तुकडा ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. हाडाचा नमुना मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरल्यास अनेक प्रतिजन नष्ट होतात, म्हणून आयएचसीची शक्यता असेल तिथे वेळ लागला तरी हाडातले कॅल्शियम सौम्यपणे काढणारे ईडीटीए वापरावे.

सेक्शन आणि स्लाईड

मायक्रोटोमवर, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर, ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे सेक्शन (काप) घ्यावेत. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मेण मऊ पडते आणि सेक्शन चुरगळतात, त्यामुळे ब्लॉक बर्फाच्या ट्रेवर नीट गार केल्याशिवाय मायक्रोटोमला लावू नये. सेक्शनवर पडलेल्या सुरकुतीत रंग अडकून राहतो आणि नवख्या डोळ्याला तो खरा वाटतो. स्लाईड मात्र साधी चालत नाही. धनभारित किंवा पॉली-एल-लायसिनचा थर दिलेली स्लाईडच घ्यावी, कारण पुढे कुकरमध्ये उकळताना साध्या स्लाईडवरचा सेक्शन सुटून तरंगू लागतो. अशी स्लाईड वापरताना सेक्शन तरंगवायच्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग किंवा जिलेटिन घालू नये. स्लाईड उभी ठेवून निथळू द्यावी आणि ६० अंश सेल्सिअसला तासभर भाजावी. कापून ठेवलेले सेक्शन महिनोन्‌महिने पडून राहिल्यास काही प्रतिजन क्षीण होतात, म्हणून सेक्शन लागतील तसेच कापावेत.

शक्य असेल तेव्हा रुग्णाच्या सेक्शनशेजारी त्याच स्लाईडवर पॉझिटिव्ह कंट्रोलचा, म्हणजे शोधायचा प्रतिजन ज्यात नक्की आहे अशा ऊतीचा, छोटा सेक्शन चढवावा. सीडी३, सीडी२० (लसिका पेशींवरची प्रथिने) आणि की-६७ (विभाजन पावणाऱ्या पेशींतले प्रथिन) या तिन्हींसाठी टॉन्सिलचा एक ब्लॉक पुरतो, म्हणून टॉन्सिलचा चांगला स्थिर झालेला ब्लॉक ही प्रयोगशाळेची ठेव समजावी.

कुकर

मेण काढण्यासाठी झायलीनचे दोन-तीन बदल, मग उतरत्या क्रमाने अल्कोहोल आणि शेवटी पाणी, हा भाग नेहमीच्या रंगकामासारखाच असल्याने त्यावर थांबत नाही. पुढची पायरी अँटिजेन रिट्रीव्हलची आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त काळजी तिलाच लागते.

फॉर्मॅलिनने प्रथिनांमध्ये बांधलेल्या पुलांमुळे प्रतिपिंडाला हवा असलेला भाग झाकला जातो. १९९१ पर्यंत यावर ट्रिप्सिनसारख्या विकरांनी (एन्झाइमांनी) ऊती हलकेच पचवण्याचा उपाय मुख्यतः केला जाई, पण तो सर्वच प्रतिजनांना मानवत नसे. त्या वर्षी शान-राँग शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेणातील सेक्शन मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यास झाकले गेलेले प्रतिजन पुन्हा उघडे पडतात हे दाखवले, आणि जुन्या ब्लॉकचाही अभ्यास करता येऊ लागला.

आज दोन बफर सर्वत्र वापरात आहेत. पहिला सायट्रेट, पीएच ६.०: १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच जुळवून शेवटी ट्वीन-२० हे साबणासारखे द्रव्य अर्धा मिलिलिटर. दुसरा ट्रिस-ईडीटीए, पीएच ९.०: १ लिटरमध्ये ट्रिस १.२१ ग्रॅम, ईडीटीए ०.३७ ग्रॅम आणि ट्वीन तेवढेच. कोणत्या प्रतिपिंडाला कोणता बफर मानवतो ते त्याच्या पत्रकात दिलेले असते, पण पत्रक हा प्रारंभबिंदू समजावा आणि कंट्रोलवर स्वतः पडताळून पाहावे. पीएच मीटर दर वेळी प्रमाण द्रावणांवर लावून घ्यावा. पीएच कागदी पट्टीवर पाहण्याची सवय इथे चालत नाही.

तापवण्यासाठी घरगुती ५ लिटरचा प्रेशर कुकरही चालतो; पुष्कळ प्रयोगशाळांची सुरुवात त्यावरच झालेली आहे. कुकरमध्ये बफर आधी उकळू द्यावा, मग धातूच्या रॅकमधील स्लाईड्स त्यात पूर्ण बुडतील अशा ठेवाव्यात, झाकण लावावे आणि पूर्ण दाब आल्यापासून घड्याळ लावून ३ ते ५ मिनिटे मोजावीत. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: शिट्ट्या मोजून वेळ ठरवू नये. डाळीला तीन शिट्ट्या पुरतात, पण शिट्टी कधी वाजणार हे गॅसच्या आचेवर, रबराच्या रिंगवर आणि आत किती बफर आहे त्यावर ठरते, त्यामुळे सोमवारच्या आणि गुरुवारच्या स्लाईड्सची तुलनाच करता येत नाही. वेळ झाल्यावर दाब आपोआप उतरू द्यावा, झाकण काढावे आणि स्लाईड्स त्याच बफरमध्ये २० मिनिटे निवू द्याव्यात. गरम स्लाईड बाहेर काढली तर ती क्षणात वाळते, आणि एकदा वाळलेला सेक्शन पुढे कितीही धुतला तरी त्याची पार्श्वभूमी तपकिरीच राहते.

कुकरऐवजी वॉटर बाथ वापरणाऱ्यांनी ९५ ते ९७ अंशांवर २० ते ४० मिनिटे ठेवावे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. परदेशी पत्रकातील तापमान गाठायच्या नादात बाथ खदखदू लागला, तर बुडबुड्यांनी सेक्शन उचलला जातो.

रोधन, प्रतिपिंड आणि द्राक्षाचा ओलांडा

यापुढे सेक्शन एकदाही वाळता कामा नये. त्याभोवती पॅप पेनने मेणकट कडे काढावे, आणि झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात तळाशी ओला टिश्यू पेपर घालून त्यात स्लाईड्स आडव्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात छतावरचा पंखा टेबलावर फिरत असेल तर दोन स्लाईड पुसेपर्यंत तिसरी वाळते, म्हणून थेंब टाकण्याच्या वेळी पंखा बंद ठेवावा, मग कितीही घाम आला तरी चालेल.

लाल रक्तपेशी आणि काही पांढऱ्या पेशींमध्ये स्वतःचे पेरॉक्सिडेज असते. पुढे रंग उमटवणारे विकरही हेच असल्याने ते आधी निष्क्रिय करण्यासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटे ठेवावे. मग ट्वीन घातलेल्या ट्रिस बफरने धुऊन, प्रतिपिंडांचे भलतीकडे चिकटणे टाळण्यासाठी केसीन किंवा सामान्य सीरमचे रोधक द्रावण लावावे. धुताना धार सेक्शनवर थेट मारू नये. बफर टिकावा म्हणून त्यात सोडियम अझाइड घालण्याचा मोह होतो, पण त्याने पुढच्या टप्प्यातील पेरॉक्सिडेजच निकामी होते.

आता पहिले प्रतिपिंड, ज्याला सगळे नुसते प्रायमरी म्हणतात. आल्बर्ट कून्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून ऊतीतील प्रतिजन शोधला, तेव्हा प्रतिपिंडे प्राण्यांच्या रक्तद्रवातून मिळत आणि प्रत्येक वेळी त्यांचे मिश्रण वेगळे असे. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टीन यांच्या तंत्राने एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवता येऊ लागले. आज बाटलीवर दिसणारे क्लोनचे नाव त्या तंत्राची खूण आहे. संहत प्रतिपिंड पातळ करताना १:१०० हवे असेल तर १० मायक्रोलिटर प्रतिपिंडात ९९० मायक्रोलिटर विरलक घालावे. नवी बाटली आली की १:५०, १:१००, १:२०० आणि १:४०० अशा चार स्लाईड्स कंट्रोलवर करून पाहाव्यात आणि ज्या प्रमाणात खरा रंग ठळक पण पार्श्वभूमी स्वच्छ दिसते ते ठरवावे. सेक्शन झाकेल इतके, म्हणजे १०० ते २०० मायक्रोलिटर टाकून ३० ते ६० मिनिटे ठेवावे. पत्रकात ‘खोलीचे तापमान’ असे लिहिलेले असते, पण आमच्याकडे जानेवारीच्या सकाळची खोली आणि मे महिन्याच्या दुपारची खोली यांत वीसेक अंशांचा फरक सहज असतो. म्हणून डबा २५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवणे चांगले.

प्रतिपिंडे २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवावीत, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी. उन्हाळ्यात कुरिअरने पेटी आली की सही करण्याआधी आतला बर्फाचा पॅक हाताने चाचपून पाहावा.

धुतल्यानंतर दुसरे प्रतिपिंड, म्हणजे सेकंडरी. ते पहिल्या प्रतिपिंडाला ओळखते, आणि रंग उमटवणारे पेरॉक्सिडेज त्याच्यासोबत येते. हल्लीच्या पॉलिमर पद्धतीत एका लांब साखळीवर अनेक दुय्यम प्रतिपिंडे आणि विकराचे पुष्कळ रेणू एकत्र बसवलेले असतात. निफाड किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागेत एका ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, ओळीने घड लागलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना थोड्या प्रतिजनावरही एवढा गडद रंग का येतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जुन्या पद्धतीत बायोटिन वापरत. यकृत आणि मूत्रपिंडात ते मुळातच भरपूर असल्याने तिथे खोटा रंग उमटे, आणि पॉलिमरमुळे ती अडचण संपली.

डॅब

पेरॉक्सिडेजच्या जागी तपकिरी रंग उमटवणाऱ्या डायअमिनोबेंझिडीनला सर्व जण डॅब म्हणतात. किटच्या पत्रकाप्रमाणे, बहुतेक किटमध्ये १ मिलिलिटर बफरला १ थेंब या प्रमाणात, ते वापरण्याच्या थोडेच आधी बनवावे. कंट्रोलची स्लाईड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यावर डॅब टाकावे आणि डोळा न हलवता पाहत राहावे. प्रथम काहीच दिसत नाही. मग टॉन्सिलच्या जननकेंद्रात की-६७ ची केंद्रके पुसट बदामी होतात, एकेक करून गडद होत जातात आणि भोवतालचा भाग मात्र स्वच्छ राहतो. तो क्षण घड्याळावर टिपावा, साधारण ५ मिनिटांच्या आसपास तो येतो, आणि त्या प्रतिपिंडाच्या सर्व स्लाईड्सना तेवढाच वेळ द्यावा. रुग्णाची स्लाईड फिकी वाटली म्हणून तिलाच दोन मिनिटे जास्त देणे हा सरळसरळ निकाल बदलण्याचा प्रकार आहे.

डॅब कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, त्यामुळे हातमोजे घालूनच काम करावे. उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये, कारण बेसिनचे पाणी शेवटी गोदावरीच्याच दिशेने जाते. ते झाकणाच्या बाटलीत साठवून जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ नुसार अधिकृत यंत्रणेकडे द्यावे.

यानंतर हिमॅटॉक्सिलिन अर्धा ते एक मिनिट, नळाच्या पाण्यात निळेपणा, चढत्या क्रमाने अल्कोहोल, झायलीन आणि कव्हरस्लिप चिकटवणारे डीपीएक्स. हिमॅटॉक्सिलिन जास्त झाले तर केंद्रकातला फिका तपकिरी रंग निळ्याखाली दडतो. डॅबऐवजी लाल रंग देणारे एईसी वापरले असेल तर अल्कोहोल अजिबात लावू नये, ते विरघळून जाते.

स्लाईड वाचताना

रुग्णाच्या स्लाईडवरील तपकिरी रंगाकडे नजर आधी जाते, ती आवरावी. प्रथम पॉझिटिव्ह कंट्रोल, मग प्रायमरीऐवजी नुसते विरलक लावलेला निगेटिव्ह कंट्रोल, मग रुग्णाच्याच सेक्शनमधील सामान्य पेशी आणि सर्वांत शेवटी गाठ, हा क्रम ठेवावा. पॉझिटिव्ह कंट्रोलच कोरा असेल तर एखादी पायरी सुटली आहे किंवा द्रावण बिघडले आहे आणि त्या दिवशीचा कुठलाच निकाल द्यायचा नाही. निगेटिव्ह कंट्रोलमध्येही तपकिरी कण असतील तर ते मेलॅनिन (त्वचेतले रंगद्रव्य), हिमोसिडेरिन (जुन्या रक्तस्रावातले लोहकण) किंवा फॉर्मॅलिनचे कण असू शकतात. मेलॅनोमाचा संशय असताना म्हणूनच लाल रंग बरा.

रंग कुठे उमटला हेही तेवढेच महत्त्वाचे आहे. ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर), की-६७ आणि टीटीएफ-१ (फुप्फुस व थायरॉइडच्या पेशींतले प्रथिन) केंद्रकात, हर-२ (काही स्तनकर्करोगांत वाढलेले प्रथिन) आणि सीडी२० पेशीच्या पटलावर, तर केराटिन पेशीद्रव्यात उमटते. ईआरचा रंग नुसता पेशीद्रव्यात दिसत असेल तर तो धरायचा नाही. गाठीच्या किमान १ टक्का केंद्रकांत ईआर उमटला तर तो पॉझिटिव्ह समजतात, आणि १ ते १० टक्के असल्यास २०२० पासून त्याची ‘लो पॉझिटिव्ह’ अशी वेगळी नोंद करतात. हर-२ मध्ये १० टक्क्यांहून अधिक पेशींना गडद आणि पूर्ण कडे असेल तर ३+, आणि २+ आल्यास नमुना फिश, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या, तपासणीला पाठवतात. निर्णय अर्थातच पॅथॉलॉजिस्टचा. पण टेबलावर बसणाऱ्याला हे माहीत असले की स्लाईड पुढे देण्याआधीच चूक पकडता येते.

एसटीने आलेल्या त्या गाठीची चूकही अशीच पकडली गेली. कंट्रोल उत्तम होता, म्हणून अहवाल टाईप व्हायला गेलाही होता. आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी स्लाईड पुन्हा मागवली आणि गाठीशेजारच्या सामान्य दुग्धनलिकांवर बोट ठेवले. सामान्य नलिकेत काही केंद्रके तरी ईआरने रंगायलाच हवीत, आणि तिथे एकही रंगलेले नव्हते. म्हणजे गाठ निगेटिव्ह नव्हती, त्या तुकड्यातले प्रतिजनच गेले होते. बाहेरच्या टणक कडेचा ब्लॉक घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगवले, तर नलिका आणि गाठ दोन्हींत केंद्रके ठळक तपकिरी होती.

तेव्हापासून प्रत्येक फेरीची नोंद मी वहीत ठेवतो: तारीख, ब्लॉक क्रमांक, फॉर्मॅलिनमधील तास, प्रतिपिंडाचा क्लोन व लॉट, प्रमाण, बफरचा पीएच, कुकरची मिनिटे, डॅबची मिनिटे, आणि शेवटच्या रकान्यात सामान्य पेशी रंगल्या की नाही. नव्या मुलांना मी या रकान्यांपैकी शेवटचा आधी भरायला लावतो, गाठीकडे पाहण्यापूर्वी.